तिकिटाच्या आधीचे चार महिने

२०१५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर इराकमधल्या मोसुलचं एक कुटुंब तुर्कस्तानातून बोटीनं ग्रीसच्या लेस्बोस बेटावर उतरलं. आई, तिची पाच मुलं आणि सोबत नेलेला पांढरा बोका, कुनकुश. किनाऱ्यावरच्या गोंधळात बोका निसटला. शोधाशोध झाली, पण निर्वासितांना थांबून चालत नाही. कुटुंब पुढं गेलं. काही दिवसांनी तो स्वयंसेवकांना सापडला. लोकांनी वर्गणी काढली, औषधपाणी झालं, बर्लिनमधल्या एका घरानं त्याला तात्पुरता आसरा दिला. समाजमाध्यमांवरून विचारपूस करता करता कुटुंबाचा पत्ता लागला तो थेट नॉर्वेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये कुनकुश आपल्या माणसांच्या मांडीवर होता.

ऐकणाऱ्याच्या मनात राहतं ते एवढंच: पैसे जमले, मांजर विमानात बसलं, घरी आलं. मधले महिने कुणाला आठवत नाहीत. आणि परदेशातून मांजर आणण्यासाठी मदतीचं आवाहन करणाऱ्यांचा हिशेब चुकतो तोही नेमका तिथेच.

पहिला आणि सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे, खर्च तिकिटाचा. लंडनला किंवा म्युनिकला राहणारी मराठी मुलगी सुट्टीला पुण्यात येते, सोसायटीच्या जिन्याखाली तिला आठ आठवड्यांचं पिल्लू सापडतं आणि तिचा जीव त्याच्यात अडकतो, असं धरू. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्या दृष्टीनं भारत हा रेबीजच्या बाबतीत यादीबाहेरचा देश आहे. म्हणून आधी पिल्लाला मायक्रोचिप, मग बारा आठवड्यांचं झाल्यावर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी. प्रयोगशाळा त्यांनी मान्य केलेलीच हवी आणि रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरायला हवं. एवढं झालं की पुन्हा तीन महिने थांबायचं. हे तीन महिने निकालाच्या दिवसापासून नव्हे, रक्त घेतल्याच्या दिवसापासून मोजतात. थोडक्यात, लस दिल्यावर किमान चार महिने आणि या पिल्लाच्या बाबतीत सापडल्यापासून पाच. मुलगी पंधरा दिवसांत परत गेलेली असते. मग पिल्लाला सांभाळायचं कुणी, त्याचं खाणं, वाळू, डॉक्टर, नसबंदी हे सगळं कुणी बघायचं? वर्गणी मागताना हा आकडा धरलेला नसला, तर तिकिटाचे पैसे तिसऱ्या महिन्यातच संपतात.

‘लस तर दिलीय, कार्डही आहे.’ हे वाक्य पशुवैद्यांना फार ऐकावं लागतं. पण चिप लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी बसवलेली हवी. आधी लस आणि नंतर चिप, असं झालं तर कागदोपत्री ती लस कुठल्या मांजराला दिली हे सिद्ध होत नाही. पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. एका दिवसाच्या उलटसुलट क्रमापायी सगळं पहिल्यापासून.

विमानभाड्याचाही असाच घोळ होतो. मांजर चार किलोचं, म्हणून भाडंही चार किलोचं असं वाटतं. कार्गोत वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात. पिंजऱ्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० नं भागायचं, हा रूढ हिशेब. ६० बाय ४० बाय ४० चा पिंजरा १६ किलोंचा धरला जातो. लहान पिंजरा घेऊन पैसे वाचवता येत नाहीत, कारण आत जनावराला नीट उभं राहता, वळता आणि पसरून झोपता यायला हवं, नाहीतर विमान कंपनी ते घेतच नाही. ब्रिटनला जाताना तर कार्गोशिवाय पर्यायच नाही. तिथं विमानानं येणारं मांजर प्रवासी कक्षात चालत नाही.

कार्गो म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो. खाली हवा नसते, थंडीनं मांजर गोठतं, असं ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात जिवंत जनावरं ज्या कप्प्यात ठेवतात तिथं हवेचा दाब प्रवासी कक्षाइतकाच असतो आणि तापमानही राखलेलं असतं. खरा धोका वेगळा आहे: मांजर घाबरू नये म्हणून दिलेलं गुंगीचं औषध. त्यानं रक्तदाब आणि श्वास या दोन्हींवर परिणाम होतो, म्हणून पशुवैद्य प्रवासापूर्वी ते टाळायला सांगतात. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास लवकर होतो; अनेक कंपन्या त्यांना घेत नाहीत. आपल्या गल्लीतलं लांब नाकाचं मांजर या बाबतीत नशीबवान.

‘कुणीतरी येतंच आहे, त्याच्याबरोबर पाठवू’ हेही तितकं सोपं नाही. मालकानं लेखी अधिकार दिलेला माणूस मांजर नेऊ शकतो, पण मालकाचा आणि मांजराचा प्रवास पाच दिवसांच्या अंतरात व्हावा लागतो. आणि मांजर तिकडच्या नव्या घरी दत्तक जाणार असेल, तर ती व्यापारी वाहतूक ठरते, मग पैशाचा व्यवहार झालेला असो वा नसो. तिचे नियम निराळे आणि कडक.

देश बदलला की सगळं बदलतं. ब्रिटनमधलं सहा महिन्यांचं सक्तीचं विलगीकरण अजून आहे असं मानणारे खूप आहेत. नियम पाळून आलेल्या जनावरांसाठी ते बंद व्हायला २००० सालीच सुरुवात झाली. जपानला रक्ततपासणीनंतर १८० दिवस लागतात. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट मांजर घेतच नाही, आणि मान्य देशांतून आलेल्यांनाही बहुधा मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान दहा दिवस राहावं लागतं. अमेरिका मात्र मांजरांच्या बाबतीत बरीच मोकळी. ऑगस्ट २०२४ पासूनचे कडक नियम कुत्र्यांसाठी आहेत.

उलट दिशेनं, म्हणजे भारतात आणताना, २०२२ ची आठवण हमखास निघते. युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांना घेऊन पहिलं विमान २६ फेब्रुवारीला मुंबईत उतरलं, आणि पुढच्या दिवसांत कुशीत मांजर, कुत्रं घेऊन परतणारी मुलं साऱ्या देशानं पाहिली. त्यांना मिळालेली सवलत त्या युद्धापुरती, एकदाच दिलेली होती. एरवी किमान दोन वर्षं परदेशात राहून कायमच्या परतणाऱ्यालाच सामानासोबत दोन पाळीव जनावरं आणता येतात. बाकीच्यांना परवाना लागतो, आणि पशु विलगीकरण विभागाचं ना-हरकत पत्र सगळ्यांनाच.

पैसे कुठून मागायचे, यातही गफलत होते. ‘रक्कम पूर्ण जमली नाही तर आपोआप परत जाते’ हे सगळीकडे खरं नाही. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर अशा वेळी देणाऱ्याचे पैसे कापलेच जात नाहीत. गोफंडमीवर जमलं तेवढं आवाहनकर्त्याला मिळतं. म्हणून अर्धीच रक्कम जमली तर काय आणि जास्त जमली तर काय, हे पहिल्याच दिवशी लिहून टाकावं. मांजर वाटेत दगावलं तर काय, हेसुद्धा. लिहिताना हात थरथरतो, पण देणाऱ्याला ते कळायला हवं.

‘एवढ्या पैशात इथल्या कितीतरी मांजरांची नसबंदी झाली असती’ हा आक्षेप खोटा नाही. तरी एका मांजरासाठी हात सैल सोडणारा माणूस एरवी तीच रक्कम नसबंदी केंद्राला देतो, असंही नाही. उरलेली रक्कम त्या गल्लीतल्या मांजरांच्या नसबंदीला, असं आधी जाहीर केलं तर दोन्ही साधतं. एक प्रश्न मात्र पैशांच्या आधी विचारावा. मांजराला माणसाचा लळा लागतो तो साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या वयात माणसाचा हात न लागलेलं, गल्लीत वाढलेलं मोठं मांजर बंद फ्लॅटमध्ये कोंडलं तर ते कपाटामागेच राहतं. त्याला त्याच्या गल्लीतच ठेवून रोजच्या खाण्याची सोय करावी.

आणि जे जाणार हे नक्की, त्याचा पिंजरा निघायच्या आठवड्यात विकत घेऊ नये. चार महिने हातात आहेतच. रक्त द्यायला नेण्याआधीच तो घरात आणावा, दार काढून कोपऱ्यात ठेवावा, आत जुनी चादर घालावी आणि रोजचं जेवण तिथंच द्यावं.