मोडीत न निघणारी होडी

लाकडाची होडी म्हातारी झाली की चुलीत जाते, लोखंडाची भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. फायबरच्या होडीच्या नशिबी यातलं काहीच नाही. जाळली तर घशाला झोंबणारा काळा धूर, वितळवू म्हटलं तर वितळत नाही, आणि भंगारवाला तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून कोकणातल्या बंदरांच्या कडेला, खाडीकाठच्या माडांखाली अशा होड्या वर्षानुवर्षं पडून असतात. इंजिन मालकाने केव्हाच काढून नेलेलं, आत पावसाचं पाणी आणि पालापाचोळा. विचारलं तर बहुधा ‘घेऊन जा’ म्हणतात. मग हाताशी थोडा वेळ आणि अंगात थोडी खुमखुमी असलेल्या माणसाच्या मनात येतं, आपणच का नीट करू नये?

करावी. फक्त ही होडी कशाची बनते आणि तिच्यात कुजतं ते नेमकं काय, हे आधी समजून घ्यावं.

फायबरग्लास म्हणजे काचेचे केसाहून बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं. ताण काचेने सोसायचा आणि तो सगळीकडे वाटून द्यायचं काम रेझिनने करायचं. रेझिन एकदा कडक झालं की त्याची रासायनिक वीण कायमची बसते, उष्णतेने ते पुन्हा पातळ होत नाही. होडी मोडीत न निघण्याचं कारण हेच. ती घडते साच्यात आणि बाहेरून आत. आधी साच्याला जेलकोटचा गुळगुळीत रंगीत थर, मग काचेच्या तुकड्यांची चटई, जिला कारागीर ‘चॉप मॅट’ म्हणतात, मग विणलेलं ‘रोव्हिंग’, पुन्हा मॅट, असं एकावर एक.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९३०च्या दशकात हे तंतू कारखान्यात निघू लागले आणि १९४२च्या सुमारास तिथल्याच रे ग्रीन यांनी पॉलिएस्टर वापरून छोटी शिडाची होडी केली. खऱ्या अर्थाने जम बसला तो पिअर्सन या चुलत भावांच्या ‘ट्रायटन’पासून. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली ही साडेअठ्ठावीस फुटी नौका १९५९च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये मांडली गेली आणि पुढे अशा सातशेच्या वर निघाल्या. हा नवा पदार्थ किती वर्षं टिकेल याचा तेव्हा कुणालाच अंदाज नव्हता, म्हणून बांधणाऱ्यांनी हात राखला नाही आणि अंगं चांगली जाड केली. त्यातलीच एक, १९६३ सालची ‘ॲटम’, जेम्स बाल्डविन यांनी स्वस्तात घेऊन दुरुस्त केली आणि तिच्यातून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली.

आपल्याला जवळचं उदाहरण अभिलाष टॉमींचं. २०१३ साली एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून ते मुंबईला परतले, ती ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली. तिचं अंग लाकडी पट्ट्यांचं आणि वरून काच-इपॉक्सीचं. पुढे २०२२च्या ‘गोल्डन ग्लोब’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत ते उतरले आणि २०२३च्या एप्रिलमध्ये दुसरे आले, ते ‘बायानात’ या रस्लर ३६ जातीच्या फायबरच्या नौकेतून. या शर्यतीला १९८८च्या आधी आखलेल्या नौकाच चालतात. म्हणजे जुनं फायबर दक्षिण महासागराच्या लाटा खाऊ शकतं. आपल्या खाडीचं काय घेऊन बसलात!

आपल्याकडच्या मासेमारीच्या होड्या मात्र त्या पठडीतल्या नाहीत. लाकूड महागलं, चांगले सुतार कमी झाले, आणि फायबर स्वस्त, हलकं, दरवर्षी तेलपाणी न मागणारं म्हणून आलं. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीतून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. त्या घाईत बांधणीचा दर्जा राखला गेला नाही, अशी तक्रार तेव्हा झालीच. तेव्हा जुनी ती मजबूत, हे अमेरिकेतलं गणित इथल्या प्रत्येक होडीला लावू नये. होडीगणिक बघावं.

बघायचं कसं? माठ घेताना वाजवून घेतात तशी होडी वाजवून घ्यायची. नाणं किंवा लहान हातोडी घेऊन नाळेपासून मागच्या फळीपर्यंत वीतभर अंतराने टकटक करत जा. भरीव अंग टणटण बोलतं. थर सुटलेला असेल किंवा आतलं लाकूड भिजलेलं असेल तर बद्द आवाज येतो. तिथे खडूने गोल करा. जेलकोटवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसायला भयंकर, पण बऱ्याचदा वरवरच्या असतात. खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. काच कुजत नाही, कुजतं ते फायबरच्या पोटात दडवलेलं लाकूड: इंजिन टांगायच्या मागच्या फळीतलं प्लायवूड, तळाचे आडवे-उभे दांडे, फलाटाखालचे आधार. एखादा स्क्रू सील न करता ठोकलेला असतो, त्या वाटेने पाणी शिरतं आणि दोन फायबरच्या पडद्यांमध्ये अडकून बसतं. बाहेरून चकचकीत रंग, आत लगदा. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच.

मागच्या फळीची परीक्षा सोपी आहे. इंजिन असेल तर ते वर उचलून त्यावर वजन टाका आणि फळी लवते का पाहा. नसेल तर आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्यात बारीक भोक पाडा. ड्रिलला फिकट, कोरडा भुसा चिकटून आला तर नशीब. काळपट ओला चोथा आला तर फळी गेली. मग आतला फायबरचा पडदा कापायचा, कुजकं लाकूड छिन्नीने खरवडून काढायचं, सगळं खडखडीत वाळू द्यायचं आणि ‘आयएस ७१०’ शिक्क्याचं मरीन प्लाय बसवून वरून पुन्हा काचेचे थर द्यायचे. काम कष्टाचं आहे, पण अवघड नाही. उलट नवशिक्याला जमण्याजोगं यासारखं दुसरं नाही, कारण फळीला वाकवळण जवळपास नसतं.

होडीच्या अंगाला पडलेलं भोक बुजवताना लोक घोडचूक करतात ती उताराची. भोकावर ठिगळ चिकटवून भागत नाही. जुनं रेझिन केव्हाच कडक झालेलं असतं. नवं रेझिन त्याच्याशी रासायनिक नातं जोडत नाही, फक्त खरखरीत पृष्ठभागाला पकडून राहतं. म्हणून पकडायला जागा भरपूर लागते. जाडीच्या बारापट उतार हा नेम. अंग ६ मिलिमीटर जाड असेल तर भोकाभोवती ७२ मिलिमीटरपर्यंत घासत घासत निमुळतं न्यायचं. आणि घासण्याआधी ॲसिटोनने पुसायचं, नाहीतर वरचं मेण आणि तेलकटपणा पॉलिशपेपरने आतच कोंबला जातो. एकूण वेळातला मोठा वाटा या घासण्यातच जातो.

मग मॅट. कोरडी असताना ती पांढरी, चुरचुरीत. रेझिनचा ब्रश फिरला की काचेचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर विरघळतो, मॅट मऊ पडते आणि हळूहळू पारदर्शक होते, खालची खडूची खूण दिसू लागते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा अडकली. खाचांचा लोखंडी रोलर फिरवत ती हवा कडेला हाकलायची. चिकट पृष्ठभागावर त्याचा चटचट आवाज येत राहतो. चॉप मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन लागतं, रोव्हिंगला साधारण बरोबरीचं. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती हा गैरसमज आहे. नुसतं रेझिन ठिसूळ असतं. इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा जुन्या अंगाला चांगली धरते, पण महाग. शिवाय साध्या मॅटचा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड वापरावं.

पॉलिएस्टरचं हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के. आपल्या उन्हात एकाच्या आसपास पुरतं. त्याखाली गेलात तर रेझिन कधीच नीट सेट होत नाही. एका वेळी थोडंच कालवा. डब्यात उरलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापतं, धुमसतं, कधी पेटतंही. दुकानात कोबाल्ट, म्हणजे रेझिनला वेग देणारं रसायन, आणि हार्डनर वेगळ्या बाटल्यांत मिळतात. ते दोन एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, हार्डनर नंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा गॉगल हवाच. वाफांसाठी कार्ट्रिजचा मास्क हवा, नाकाला बांधलेला रुमाल तिथे काही कामाचा नाही. काचेच्या धुळीने अंगाला खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि नंतर गार पाण्याने अंघोळ करा.

हवामानाचा एक तिढा आहे. मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हाच, आणि रेझिनसाठी याहून वाईट दिवस नाहीत. दमट हवेत काच ओल धरते आणि थर नीट बसत नाहीत. ज्याचं पोट होडीवर आहे त्याला ताडपत्रीखाली कसंबसं उरकावं लागतं. हौशी माणसाला ती घाई नाही. त्याने पावसाळ्यात होडी आच्छादून नुसती वाळू द्यावी, दिवाळीनंतर काम काढावं आणि होळीच्या आत आटपावं.

पैशांचं म्हणाल तर होडी फुकट मिळाली तरी रेझिन, मॅट, प्लाय, ग्राइंडरच्या चकत्या, मास्क मिळून खर्च फुगतोच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर इंजिन वेगळं. नफ्याच्या हिशेबाने यात पडू नये. पण ती होडी टाकून देणं हाही फुकटचा मार्ग नाही. फ्रान्सने २०१९पासून जुन्या नौका मोडण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारली आणि तिचा भार नव्या नौका विकणाऱ्यांवर टाकला. आपल्याकडे तशी सोय दिसत नाही. तोवर जी होडी कुणी दुरुस्त करेल, तेवढी किनाऱ्यावरची एक अडगळ कमी.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर बारा-चौदा फुटांहून मोठी होडी घेऊ नका, आणि मागची फळी व तळाचे दांडे दोन्ही गेलेली तर फुकटही नको. पर्यटक बसवायचा विचार असेल तर आधी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी काढा. पाण्यात उतरवाल तेव्हा लाइफ जॅकेट घालून, कमरेइतक्या पाण्यात, वजनाला माणसांऐवजी वाळूची पोती ठेवून तासभर थांबा आणि तळ कोरडा राहतो का ते पाहा.