नऊ महिने नऊ दिवस की चाळीस आठवडे?

नातसुनेला आपण विचारतो, "कितवा महिना?" ती सांगते, "शावुआ ३२." ही आठवड्यांची मोजणी समजून घेऊ या.

डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की सुमारे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे होतात. पाळी १ जानेवारीला आली असेल, तर तारीख ८ ऑक्टोबर. वाडवडिलांचे 'नऊ महिने नऊ दिवस' याच्या अगदी जवळ आहे! तालमूदात 'हेरायोन' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज करून २७१ दिवस सांगितले आहेत. ते गर्भ राहिल्यापासूनचे.

ही तारीख अंदाजाची असते. नेमक्या त्याच दिवशी फार थोडी बाळे जन्मतात. म्हणून "३७ आठवडे झाले, आता काय हरकत?" असे म्हणू नये. शेवटच्या आठवड्यांतही बाळाची फुप्फुसे व मेंदू वाढत असतात. कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी औषधाने कळा आणल्या किंवा सिझेरियन केले, तर श्वासाचा त्रास, कावीळ, दूध नीट न ओढणे हे धोके वाढतात.

मात्र रक्तदाब वाढला, बाळाची हालचाल मंदावली, अशा कारणांनी डॉक्टर लवकर बाळंतपण करायला सांगतील, तर आपण अडवू नये. ४२ आठवड्यांपलीकडे थांबणेही धोक्याचे. सण, लग्न, विमानाचे तिकीट ही मात्र घाईची कारणे नव्हेत. रोज फोन करून "अजून नाही?" असे विचारण्यापेक्षा, तिला काय हवे ते विचारावे.