नो डेट, नो पिक्चर, नो चहा!

वय वर्षं वीस. पगार शून्य, उलट खिशातूनच पैसे भरायचे. दीड वर्ष घरापासून हजारो मैल लांब राहायचं आणि दिवसभर लोकांकडून ‘नको’ ऐकायचं. तैवानच्या रस्त्यांवर सायकल हाणणाऱ्या एका मिशनरी मुलीच्या आठवड्याची ही गोष्ट...

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना तुमचं तोंड कसं असतं? आता जरा कल्पना करा. रोज साडेसहाला उठायचं म्हणजे उठायचंच. रात्री साडेदहाला दिवे बंद. मधल्या वेळात सिनेमा नाही, टीव्ही नाही, डेटिंग तर नाहीच नाही. चोवीस तास एक पार्टनर बरोबर, आणि तीही तुम्ही निवडलेली नाही. राहायचं कुठे, बोलायचं कोणत्या भाषेत, सगळं वरून ठरणार. आणि या ‘जॉब’साठी पैसे तुम्हीच भरायचे!

कोण करेल अशी नोकरी? तर जगभरात 70 हजारांहून जास्त मुलंमुली सध्या ती करताहेत. ही मंडळी ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ची. आपण त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतो, पण 2018 मध्ये त्यांच्या प्रमुखांनीच हे टोपणनाव वापरू नका असं सांगितलं. 1830 मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा पंथ, मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला. मुलगे दोन वर्षं मिशनवर जातात, मुली दीड वर्षं. 2012 मध्ये मुलींसाठी वयाची अट 21 वरून 19 वर आली आणि मुलींची रांगच लागली. 2025 मध्ये तर ती मुलांसारखीच 18 झाली.

माझी एक पुण्याची मैत्रीण तायचुंगमध्ये चिप कंपनीत इंजिनीअर आहे. तिच्याकडे मुक्काम ठोकला होता. एका बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, ‘‘चल, माझ्या ऑफिसमधले लोक फुकटच्या इंग्लिश क्लासला जातात, तिथे तुला स्टोरी मिळेल.’’ चर्चच्या हॉलमध्ये फळ्यासमोर दोन मुली उभ्या. छातीवर काळा बिल्ला, गुडघ्याखाली स्कर्ट, टेबलावर दोन हेल्मेटं. एक अमेरिकेतल्या आयडाहोची, बटाट्याच्या शेतकऱ्याची लेक. दुसरी दक्षिणेतल्या काओश्युंगची, अस्सल तैवानी. दोघींना सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. (नर्स नाही आणि नन तर नाहीच. मिशन संपलं की परत जाऊन कॉलेज, लग्न, सगळं करायला मोकळ्या!) नाव छापू नकोस म्हणाली, म्हणून आपण तिला नुसतं सिस्टरच म्हणू.

सिस्टरचा तो चौदावा महिना. चिनी बोलते झकास. अमेरिकेतल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये साधारण दोन महिने घोटून घेतात आणि मग थेट रस्त्यावर सोडतात. यात नवीन काही नाही म्हणा. 1579 मध्ये गोव्यात उतरलेल्या इंग्लिश फादर थॉमस स्टीफन्सनी तर पुढे मराठीत अख्खं ख्रिस्तपुराण लिहिलं. माणसाला पटवायचं तर त्याच्या भाषेत शिरावं लागतं, हे या लोकांना आपल्या मार्केटिंगवाल्यांच्या कितीतरी आधी कळलेलं.

गुरुवारी मी त्यांच्याबरोबर ट्रेनने चांगहुआला गेले. टेकडीवर मोठ्ठा बुद्ध बसलेलं हे गाव. तिथल्या दोन सिस्टर्सबरोबर एका दिवसाची अदलाबदल होती. म्हणजे सिस्टर तिथे राहणार, तिथली एक जण तायचुंगला येणार. स्टेशनबाहेर तासभर मी नुसती बघत होते. सिस्टर हसून पुढे जाते, माणूस हात हलवतो, निघून जातो. पुन्हा पुढचा. मी मोजायला लागले आणि सतराव्यानंतर सोडून दिलं. एका काकूंनी मात्र थांबून बबल टी पुढे केला. चहा-कॉफी या पंथाला वर्ज्य! ज्या शहरात बबल टी आमच्याकडेच जन्मला म्हणून कॉलर ताठ करतात, त्याच्याच शेजारी चहाला नाही म्हणणं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या रश्शाला नाही म्हणण्यासारखं. सिस्टरने दोन्ही हातांनी कप घेतला, वाकून आभार मानले आणि तो माझ्याकडे दिला. मी प्यायले. मस्त होता.

आता तुम्हाला ओळखीचं वाटेल असं काही. दर आठवड्याला आकडे कळवायचे. नवीन किती जण शिकायला तयार झाले, रविवारी चर्चला किती आले, बाप्तिस्म्याची तारीख किती जणांनी धरली. नावसुद्धा काय, तर ‘की इंडिकेटर्स’! ‘‘आमच्या अप्रेझलसारखंच की,’’ मैत्रीण म्हणाली. फरक एवढाच, की इथे इन्क्रिमेंट नाही. अमेरिकेतल्या मुलांसाठी 2020 पासून महिन्याला 500 डॉलर असा दर ठरला, आणि ते स्वतःच्या बचतीतून नाहीतर घरच्यांकडून जातात. सिस्टरने त्यासाठी दोन उन्हाळे पिझ्झाच्या दुकानात काम केलं होतं. रात्रीचं जेवण बऱ्याचदा चर्चमधल्या कुटुंबांकडे असतं, आज याच्याकडे, परवा त्याच्याकडे. आपले आजोबा शिकायला पुण्यात वार लावून जेवायचे, अगदी तसं.

शुक्रवारी तिचा चेहरा उतरला होता. नर्सिंग शिकणारी एक मुलगी चार महिने त्यांच्याकडे येत होती, बाप्तिस्म्याची तारीखही ठरली होती. सकाळी तिचा मेसेज आला, आता भेटायला नको. आई रडली म्हणे. घरात पूर्वजांचा देव्हारा, ही एकुलती एक. आईचा एकच प्रश्न होता, ‘‘आम्ही गेल्यावर आमच्यासाठी उदबत्ती कोण लावणार?’’

खरं सांगते, ऐकल्याबरोबर मी मनातल्या मनात त्या आईच्या बाजूने उभी राहिले. सर्वपित्री अमावास्येला गच्चीवर कावळ्याची वाट बघणाऱ्या घरात वाढलेली मुलगी दुसरं काय करणार? धर्मांतर म्हटलं की आपले कान टवकारतात, माझेही टवकारले. सिस्टरला थेट विचारलं, ‘‘तिच्या घरातला देव्हारा तुला चुकीचा वाटतो का?’’ ती बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिली. ‘‘आम्हीसुद्धा पूर्वजांच्या वंशावळी शोधत बसतो,’’ म्हणाली. ‘‘तिला मी तेच सांगत होते. पण तिच्या आईला मी कधी भेटलेच नाही. भेटायला हवं होतं.’’ उत्तर मला पुरं वाटलं नाही. तिलाही वाटलं नसावं. पण वीस वर्षांच्या मुलीने पाठ केलेलं उत्तर फेकलं नाही, हे मला आवडलं.

शनिवार-रविवार चर्च आणि गाठीभेटी, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

बहुतेक ठिकाणी सोमवार हा त्यांचा ‘पी-डे’, प्रेपरेशन डे. कपडे धुणं, भाजी आणणं आणि घरी फोन. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून फक्त दोनदा असायची, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. सिस्टर आईशी पाच मिनिटं बोलली आणि भावाशी पाऊण तास.

हा भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. तोही मिशनवर गेला होता, ब्राझीलला. पाचव्या महिन्यात झोप उडाली, जेवण जाईना, डिप्रेशनचं निदान झालं आणि घरी परतला. एअरपोर्टवर दोन वर्षं पूर्ण करून येणाऱ्यांसाठी फुगे आणि पाट्या घेऊन अख्खं खानदान येतं. याला घ्यायला फक्त आई-वडील गेले. कोणी वाईट बोललं नाही, फक्त रविवारी चर्चमध्ये तो जवळ आला की लोक विषय बदलायचे. कॉलेज अर्धवट सोडून, नाहीतर ऑनसाइटवरून लवकर परतलेल्या मुलाकडे आपल्या सोसायटीत ज्या नजरेने बघतात ना, तीच नजर.

‘‘मग तू का आलीस?’’

‘‘सुरुवातीला त्याची भरपाई करायला,’’ ती म्हणाली. ‘‘सहाव्या महिन्यात मलाही परत जावंसं वाटत होतं. त्यालाच फोन केला. तो म्हणाला, आलीस तर न्यायला मी येईन, फुगे घेऊन. मग राहिले.’’

त्या पोरीच्या आठवड्यात रिकामा तास नव्हता, तरी यातलं काहीच तिच्या आकड्यांमध्ये येत नाही. आणि आणखी एक गोष्ट येत नाही. ती मला मंगळवारी दिसली.

तैवानमध्ये कचऱ्याची गाडी बीथोवनची धून वाजवत येते. खरंच! धून ऐकू आली की अख्खी गल्ली पिशव्या घेऊन धावत खाली येते. लोकांना भेटायला याहून बरी जागा नाही, असं सिस्टरचं मत. पण ती कोणाशी बोलायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पळाली. तिथे ऐंशीच्या घरातली एक आमा राहते. आमा म्हणजे आजी. गुडघे गेलेले, लिफ्ट नाही. तिच्या पिशव्या रोज या दोघी उतरवतात. आमा पक्की बौद्ध, चर्चचं नावसुद्धा काढू देत नाही. मला बघून तिने सिस्टरला काहीतरी सुनावलं. मी अर्थ विचारला तर म्हणाली, ‘‘तुझी मैत्रीण किती बारीक आहे, तिला खायला घालत नाहीस का, म्हणतेय.’’

दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. सिस्टरची झाली होती, गुरुवारी निघायचं होतं. गाडी गेल्यावर ती जिन्यातच बसली आणि नव्या जोडीसाठी वहीत लिहायला लागली. शिकणाऱ्या लोकांची यादी आधीच तयार होती. शेवटच्या पानावर तिने आमाचा पत्ता आणि गाडीची वेळ लिहिली, आणि खाली एक ओळ. बेल वाजवू नका, तिला ऐकू येत नाही, दार जोरात ठोका.