आठ मिलिमीटरचा हिशेब

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५९० गुण मिळवले. सातव्या क्रमांकाने तो अंतिम फेरीत गेला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने कांस्यपदक जिंकलं. त्याच पात्रता फेरीत भारताच्याच ऐश्वर्य प्रतापसिंह तोमरचे गुण होते ५८९. तो अकरावा आला आणि बाहेर राहिला. साठ गोळ्यांमध्ये फरक एका गुणाचा! या लक्ष्यावर एका गुणाचं अंतर म्हणजे फक्त ८ मिलिमीटर.

एवढ्या बारीक हिशेबात नेमबाजाचा श्वास, नाडी आणि बोट यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण काडतुसाचाही त्यात मोठा वाटा असतो.

या स्पर्धेतली पॉइंट टू टूची गोळी शिशाची, साधारण २.६ ग्रॅम वजनाची. ती सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने, म्हणजे मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या थोडी खालीच सोडतात. आवाजाचा वेग ओलांडताना हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि वाराही गोळीला जास्त ढकलतो. लक्ष्यापर्यंत जायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला १२ सेंटिमीटरहून जास्त खाली खेचतं. रायफलवरची नेम धरायची साइट हे अंतर जमेस धरूनच लावलेली असते. पण एखादी गोळी सेकंदाला ५ मीटरने मंद सुटली, तर ती जवळजवळ ४ मिलिमीटर खाली लागते. नेम अचूक असूनही अर्धा गुण जातो.

त्याहून थक्क करणारी गोष्ट गोळीच्या फिरण्याची. नळीतल्या आट्यांमुळे ती सेकंदाला जवळपास ८०० वेळा स्वतःभोवती फिरते. शिशात सूक्ष्म पोकळी राहिली आणि गुरुत्वमध्य अक्षापासून मिलिमीटरच्या शंभराव्या हिस्स्याने सरकला, तर नळीबाहेर पडताच गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी ती आडवी जाते. गणित केलं तर लक्ष्यावर ही चूक ८ मिलिमीटरची होते. आपला केस त्या शंभराव्या हिस्स्याच्या कित्येक पट जाड असतो.

मोठ्या रायफलींच्या स्पर्धांमध्ये अमेरिका-युरोपातले अनेक नेमबाज यावर स्वतःच इलाज करतात. काडतुसाच्या बुडाशी मधोमध बसवलेला प्रायमर बदलून, दारू तोलून, गोळी ठरावीक खोलीवर बसवून ते काडतूस स्वतः भरतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो. पॉइंट टू टूच्या बाबतीत तर प्रश्नच मिटतो: तिचा स्फोटक पदार्थ पितळी कवचाच्या कडेतच भरलेला असतो, एकदा उडाला की कवच निकामी. म्हणून इथे नेमबाजाच्या हाती उरते ती निवड.

ही निवड म्हणजे लॉट टेस्टिंग. एकाच कारखान्यात, एकाच नावाने बनलेल्या काडतुसांतही दारूच्या, शिशाच्या आणि प्रायमरच्या घाण्यानुसार किंचित फरक पडतो. डब्यावर लॉट क्रमांक छापलेला असतो तो यासाठीच. एली, लापुआ यांसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. ती शिकंज्यात पक्की आवळतात, म्हणजे माणसाच्या हाताची चूक बाजूला राहते. मग एकेका लॉटच्या गोळ्या झाडून छिद्रांचा पुंजका, म्हणजे ग्रुप, मोजतात. एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही, कारण प्रत्येक नळीची आतली मापं आणि गोळी सुटतानाची थरथर वेगळी असते.

इथे संख्याशास्त्राचं भान हवं. पाच गोळ्यांचा सुंदर ग्रुप अनेकदा नुसत्या योगायोगाने पडतो. दहा-दहा गोळ्यांचे अनेक ग्रुप एकत्र पाहिल्याशिवाय लॉट चांगला की वाईट हे ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. परदेशी चाचणी केंद्रांपर्यंत पोहोचणं आपल्या बहुतेक मुलामुलींना परवडत नाही. जिल्हा रेंजवर एक शिकंजा आणि नोंदवही ठेवली, तर निम्मं काम इथेच होईल. नव्या नेमबाजांनी सरावाच्या वहीत गुणांच्या शेजारी लॉट क्रमांक लिहायला आजपासूनच सुरुवात करावी.