पहिलें ऑर्किड कोणतें घ्यावें ?

मोगरा व सोनचाफा यांची लागवड वसई-विरारकडील बागायतदारांस नवी नाहीं. परंतु वाड्या दिवसेंदिवस आक्रसत चालल्या आहेत. तेव्हां थोड्या जागेंत येणारें आणि दादरच्या फुलबाजारांत मान असलेलें फूल म्हणून ऑर्किडाकडे, म्हणजे ज्यास मराठींत आमरी म्हणतात त्याकडे, कित्येकांचें लक्ष वळलें आहे. आमच्या फुलपाड्यांतही हा प्रश्न वारंवार निघतो कीं, ज्यानें हें झाड पूर्वीं कधीं हाताळिलें नाहीं त्यानें प्रारंभ कशापासून करावा. आमचें उत्तर असें कीं, उष्ण प्रदेशांतील संकरित डेंड्रोबियमपासून करावा; आणि तोही शेडनेट उभारून नव्हे, तर सहा कुंड्यांनीं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फांदीवर वाढते म्हणून आमरीस पुष्कळ लोक बांडगूळ समजतात. ऑर्किडांतील 'वांडा' हें जातिनामही सर विल्यम जोन्स यांनीं ज्या संस्कृत 'वंदा' शब्दावरून घेतलें, तो शब्द बांडगुळासही लावितात. परंतु बांडगूळ झाडाचा रस शोषून घेतें, आमरी केवळ आधार घेते. तिचीं मुळें सालीवरून ओघळणारें पाणी व हवेंतील ओल यांवर जगतात. सबब मुळांस पाणी पाहिजे, पण त्याहून अधिक वारा पाहिजे. डेंड्रोबियम बागेच्या मातींत लाविलें तर पहिल्याच पावसाळ्यांत मुळें कुजून जातात.

आतां डेंड्रोबियमच कां, तें सांगतों. या संकरित जातींच्या पूर्वजांपैकीं एक प्रमुख म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियांतील डेंड्रोबियम बिगिबम. याच फुलास क्वीन्सलँड प्रांतानें १९५९ सालीं आपलें राज्यपुष्प ठरविलें. त्याच्या मायदेशीं उन्हाळ्यांत धो धो पाऊस पडतो व हिवाळा कोरडा आणि उबदार असतो. आमच्याकडेही पावसाचे चार महिने मुसळधार, आणि थंडींत रात्रीचा पारा १५ अंशांखालीं क्वचितच उतरतो. झाडास येथें परकें वाटावें असें फार थोडें आहे.

दुकानांत मात्र डोळा भरतो तो फॅलेनॉप्सिसवर. तें झाड वाईट नव्हे. परंतु त्यास फुलाचा दांडा काढण्यास कांहीं आठवडे २५ अंशांखालील गारवा लागतो, म्हणून व्यापारी तें थंड केलेल्या गृहांत फुलवितात. शिवाय पानांच्या बेचक्यांत पावसाचें पाणी सांचलें कीं शेंडा सडतो, आणि त्यास दुसरा शेंडा सहसा फुटत नाहीं. सिंबिडियम तर थंड रात्रींचें झाड. त्याचा विचारच सोडावा. विकणारा नुसतें 'डेंड्रोबियम' म्हणाला तरी कोणतें, हें विचारून घ्यावें. सिक्कीमचें राज्यपुष्प डेंड्रोबियम नोबिले हेंही त्याच नांवाचें, पण त्यास गार व कोरडा हिवाळा मिळाल्यावांचून तें नीट फुलत नाहीं.

कांहीं मंडळी सह्याद्रींतील सीतेची वेणी ओरबाडून आणितात व परसांतील आंब्यास बांधतात. मुळें तुटलेलीं अशीं झाडें बहुधा दोन-तीन वर्षें झुरून मरतात. तुंगारेश्वरासारख्या अभयारण्यांतून परवानगीवांचून झाड काढणें हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. आणि त्याची गरजही उरली नाहीं. १९२२ सालीं अमेरिकेंत लुईस नडसन यांनीं ऑर्किडाचें सूक्ष्म बीं बाटलींत साखर व क्षार यांवर रुजवून दाखविलें, १९६० सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज मोरेल यांनीं अंकुराच्या कणापासून रोपें वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हांपासून हें महाग झाड स्वस्त होत आलें आहे.

घेतांना फुलांचे तुरे मोजूं नयेत. ज्यास दोन-तीन टणक जुन्या कांड्या व बुडाशीं एक नवा कोंब आहे, तें झाड उचलावें. भोकें पाडलेली लहान कुंडी, तींत लोणारी कोळसा व विटांचे तुकडे, एवढें पुरे. नारळाचें सोडण आपल्याकडे फुकट मिळतें, पण पावसाळ्यांत तें कुजतें व मुळांस घेऊन बसतें; घातलेंच तर थोडें घालावें. जागा निम्म्या सावलीची असावी. पानें गर्द हिरवीं व लुसलुशीत दिसूं लागलीं म्हणजे ऊन कमी पडतें असें समजावें. अशा झाडास फूल येत नाहीं. उन्हाळ्यांत रोज सकाळीं पाणी द्यावें, थंडींत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं. जून लागतांच कुंड्या वळचणीखालीं टांगाव्यात. वाढीच्या काळांत १९:१९:१९ हें विद्राव्य खत लिटरास एक ग्रॅम, आठवड्यांतून एकदां शिंपडावें. गोगलगायी रात्रीं कोंब खातात. दिवा घेऊन वेंचणें हाच खात्रीचा उपाय.

एक गोष्ट विशेष बजावून सांगतों. जुनी कांडी पानें गाळून उघडी पडते, तेव्हां ती मेली असें समजून अनेक लोक कापून टाकितात. ती मेलेली नसते. नव्या कोंबास अन्न तीच पुरविते, व कित्येकदां तिच्याच शेंड्यास पुन्हां तुरा येतो. वाळून पोकळ होईपर्यंत तिला हात लावूं नये.

सहांपैकीं चार कुंड्या एक पावसाळा निभावून दिवाळीनंतर नव्या कांड्यांसह उभ्या दिसल्या, तर मग शेडनेटचा हिशेब मांडावयास हरकत नाहीं. दोनच उरल्या तर कर्ज काढण्यापूर्वीं आणखी एक वर्ष थांबावें.