कार्ड छोटं, थापा मोठ्या!



आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. का, ते पुढे कळेलच.

सध्या आपल्या होस्टेलवर जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस परत आली आहे. कुणी मामाचा आणतं, कुणी बाबांच्या कपाटातला. कॅमेरा फुकट मिळतो, पण त्याचं कार्ड हरवलेलं असतं! मग आपण काय करतो? दुकानात जातो आणि विचारतो, "सगळ्यात स्वस्त कुठलं?" मीही तेच केलं होतं.

माझं गाव दुधनी. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. घरात मराठी आणि दारात कानडी, म्हणून आजीला आम्ही सगळे 'अज्जी' म्हणतो. काकांनी मला त्यांचा २००८ सालचा, १० मेगापिक्सेलचा कॅमेरा दिला. संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला जायचं होतं. एका दुकानात ३२ जीबीचं कार्ड इतरांपेक्षा निम्म्या किमतीत मिळालं. बिल मागितलं नाही. मी खूश!

जत्रेत नंदीध्वज, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम, सगळं टिपलं. पाचशेच्या वर फोटो झाले आणि पंधरा-वीस मिनिटांचे व्हिडिओ. दुधनीला परतल्यावर अंगणात तुरी निवडत बसलेल्या अज्जीचे पंचवीस-तीस फोटो काढले. ती म्हणाली, "साकु साकु, किती काढतीस!" पण स्क्रीनवर स्वतःला बघून हसली.

होस्टेलवर येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं. नंदीध्वज होते. दारूकामाचे व्हिडिओ अर्धे होते. अज्जीच्या फाइल्सची नावं होती, साइझ होता, पण एकही उघडेना. म्हटलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत परत काढू. त्या सुट्टीच्या आधीच अज्जी गेली.

आता इंजिनिअरिंगच्या मुलीला 'असं का झालं?' हा प्रश्न पडणारच.

कार्डाच्या आत काय असतं?

दोन गोष्टी असतात. एक फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीत असताना फुजिओ मासुओका या जपानी इंजिनिअरने १९८० च्या दशकात तिचा शोध लावला. यात इलेक्ट्रॉन बारीक कप्प्यांत कोंडून ठेवतात, त्यामुळे वीज गेली तरी माहिती राहते. दुसरी गोष्ट म्हणजे कंट्रोलर. कुठली माहिती कुठल्या कप्प्यात आहे, याचा हिशेब तो ठेवतो. हा कार्डाचा रेक्टर समजा!

समजा होस्टेलला खोल्या ४० आहेत, पण रेक्टरच्या रजिस्टरमध्ये ३२० लिहिल्या आहेत. पहिल्या ४० मुलांना खोली मिळेल. एक्केचाळिसाव्याचं नाव रजिस्टरमध्ये चढेल, पण त्याची वळकटी जाईल कुठे? एकतर बाहेर, नाहीतर आधीच्या कुणाच्या तरी डोक्यावर. नकली कार्डात हेच करतात. माझ्या कार्डात खरी जागा ४ जीबीच्या आसपास होती. कंट्रोलर ३२ जीबी सांगत होता आणि बिचारा कॅमेरा विश्वास ठेवत होता.

मग स्क्रीनवर अज्जी दिसली कशी? फोटो काढल्याबरोबर जो दिसतो, तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतला असतो. कार्डावर तो नीट उतरला की नाही, ते त्यावरून कळत नाही.

घेताना काय बघायचं?

१) आपला कॅमेरा काय खातो? एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक) यांनी मिळून आणलं. साधं एसडी २ जीबीपर्यंत, २००६ चं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि २००९ चं एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. तिन्हींचा आकार एकच, म्हणून घोळ होतो! नवा कॅमेरा जुनं कार्ड सहसा चालवून घेतो, जुना कॅमेरा नवं कार्ड घेईलच असं नाही. कॅमेऱ्यावर किंवा मॅन्युअलमध्ये फक्त 'एसडीएचसी' असेल तर ६४ जीबीचं कार्ड स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

२) मोठ्या आकड्याला भुलू नका. कार्डावर ठळक छापलेला '१०० एमबी/सेकंद' हा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. कॅमेऱ्याला लागतो लिहिण्याचा. तो कळतो बारीक खुणांवरून. इंग्रजी सी अक्षराच्या आत १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू अक्षरात १ म्हणजे तेवढंच, यू अक्षरात ३ किंवा 'व्ही ३०' म्हणजे किमान ३० एमबी. जुन्या खिशातल्या कॅमेऱ्याला क्लास १० पुरे झालं. फोर-के व्हिडिओवाल्याने व्ही ३० घ्यावं. १०० मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे भागिले ८, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. व्ही ६० आणि व्ही ९० ची चैन आपल्या कामाची नाही.

३) जागा किती हवी? १० मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ४ एमबी. म्हणजे ३२ जीबीत सात-साडेसात हजार फोटो. एवढे काढणार आहात का? एका मोठ्या कार्डापेक्षा दोन छोटी बरी. एक दगावलं तरी सगळं जात नाही. आणि ३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर २९.८ दिसलं तर घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. ही फसवणूक नाही.

४) बिल आणि वॉरंटी. दहा-वीस रुपये कमी असतील तर ठीक. किंमत थेट निम्मी असेल तर दुकानदाराला नाही, स्वतःला विचारा, 'का?'

५) तपासल्याशिवाय वापरू नका. सगळ्यात महत्त्वाचं हेच! आमच्या दुधनीच्या बाजारात तुरीचं पोतं वरवर बघून कोणी घेत नाही. हात आत घालतात, तळातली तूर काढून बघतात. कार्डाचंही तसंच. विंडोजवर 'एच२ टेस्ट डब्ल्यू' आणि लिनक्सवर 'एफ३' हे फुकट प्रोग्रॅम आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात, मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतात. रिकाम्या कार्डावर, पूर्ण क्षमतेवर चालवा. ३२ जीबीला साधारण दीड तास लागतो. लावा आणि मेसमध्ये जेवून या. खोटं निघालं तर बिल घेऊन त्याच दिवशी परत करा.

वापरताना

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. दिवा लुकलुकत असताना बाहेर काढू नका. फोटो त्याच रात्री दुसरीकडे उतरवा. चुकून डिलीट झाले तर ते कार्ड लगेच वापरणं थांबवा आणि 'फोटोरेक' हा फुकट प्रोग्रॅम चालवा. डिलीट केल्याने फक्त नोंद पुसली जाते, फोटो बरेचदा जागेवरच असतो.

मीही फोटोरेक रात्रभर चालवला होता. नंदीध्वजाचे फोटो पुन्हा सापडले, अज्जी नाही. पुसलेलं परत मिळू शकतं, पण जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणणार?

आता माझ्याकडे १६ जीबीची दोन कार्डं आहेत, दोन्ही तपासलेली. नकली कार्डही ठेवलंय. कुणाला टेस्ट कशी करतात ते बघायचं असेल, तर संध्याकाळी जेवणानंतर माझ्या खोलीवर या. तुमचं कार्डही घेऊन या. त्यावर फोटो असतील तर आधी उतरवून घ्या. आणि सुट्टीत घरी जाणार असाल, तर जायच्या आधी या.