कामठी : छावणीनं वसवलेलं, कामगारांनी घडवलेलं

मंडळी, इथे नंदनवनात बसून आपण नागपूरचा इतिहास नेहमीच बोलतो. आज शेजारच्या कामठीकडे बघू.

१८२१ साली इंग्रजांनी कन्हान नदीकाठी छावणी टाकली आणि तिच्या गरजांवर गाव वाढलं. म्हणजे हे शहर जन्मलंच दुसऱ्याच्या सोयीसाठी. सातपुड्याकडचा व्यापार इथे येई. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि तो हळूहळू तिकडे वळला. १८८१ मध्ये ५१ हजारांच्या घरात असलेली वस्ती १९०१ मध्ये ३९ हजारांवर आली.

मग उरलं काय? विणकर उरले, विड्या वळणारे उरले. त्या विडी कामगारांना बाबू हरदास यांनी संघटित केलं. १९३७ साली ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच देतात. १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिशीत ते गेले. अभिवादन मात्र देशभर पोचलं.

शहराचा मोठेपणा आपण बाजारपेठेवरून मोजतो. कामठीचा बाजार गेला, पण तिची खरी ओळख त्यानंतरच घडली. तेव्हा पुढच्या खेपेस गेलो, की छावणीसोबत विडी कामगारांच्या वस्त्याही बघू या.